‘चार महिने वापरलेली’ बॅटरी

गेल्या नोव्हेंबरमध्ये आमच्या नऊ वर्षांच्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सकाळच्या वेळी जड उचलू लागला. इंजिन सुरू होताना बॉनेटखालून ‘चीं’ असा बारीक आवाजही येत असे, पण त्याकडे मी दुर्लक्ष केले. बॅटरी उतरली असणार, असे सोसायटीतल्या दोघातिघांनी सांगितले आणि मलाही ते पटले, कारण ती बसवून तीन वर्षे झाली होती. कंपनीची नवी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे साडेचार हजारांना मिळत होती. गाडी आणखी दोनेक वर्षेच वापरायची असल्याने इतका खर्च कशाला, असा विचार करून मी पुण्यातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या एका दुकानात गेलो. फसवणुकीची सुरुवात माझ्या या हिशेबापासून होते, हे आधीच कबूल केलेले बरे.

दुकानदार अत्यंत नम्र होता. ‘‘साहेब, ही शोरूममधून आलेल्या गाडीची आहे, मालकाने मोठी बॅटरी बसवून घेतली म्हणून चार महिन्यांतच निघाली,’’ असे त्याने सांगितले. मीटर लावून १२.८ व्होल्टचा आकडा दाखवला, बॅटरी भरलेली आहे हे सांगणाऱ्या वरच्या काचेच्या डोळ्यातला हिरवा रंग दाखवला, आणि गाडीत बसवून एका दमात इंजिन सुरू करून दिले. किंमत १,८०० रुपये आणि माझी जुनी बॅटरी बदल्यात. बिल मागितल्यावर ‘‘बिलावर घेतलीत तर टॅक्स लागेल, मी सहा महिन्यांची दुकानाची गॅरंटी देतो’’ असे म्हणून त्याने एका कार्डावर शिक्का मारून दिला. त्या कार्डावर तारीख आणि बॅटरीचा क्रमांक या दोन्ही जागा कोऱ्या होत्या, हे घरी आल्यावरही माझ्या लक्षात आले नाही.

एकोणिसाव्या दिवशी वाईला जाताना आम्ही शिरवळला चहाला थांबलो आणि परत आल्यावर सेल्फने नुसती ‘टक्’ केली. तिथल्या एका वयस्क इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, तर आकडा आला १२.३. म्हणजे बॅटरी अर्ध्याहून अधिक भरलेली दिसत होती. मग त्याने मला किल्ली फिरवायला सांगितले आणि तोच आकडा ७.६ वर कोसळला. धडधाकट बॅटरी सेल्फ मारताना साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली जात नाही. ‘‘काका, स्टिकर काढू का?’’ असे विचारून त्याने वरची पट्टी नखाने उचलली. खाली आणखी एक जुनी पट्टी होती आणि तिच्याखाली सहा गोल झाकणे, ज्यांच्या कडा स्क्रू-ड्रायव्हरने चावल्यासारख्या झालेल्या होत्या, म्हणजे बॅटरी आधी उघडलेली होती. दोन्ही पोलांवर थापलेले ग्रीस पुसल्यावर शिशावर क्लॅम्पच्या जुन्या खाचा आणि त्यांवर फिरवलेल्या पॉलिश पेपरचे ओरखडे स्पष्ट दिसले. गंज चढू नये म्हणून इतके ग्रीस लावले आहे, असे दुकानदाराने सांगितले होते आणि मला ते त्याच्या काळजीचे लक्षण वाटले होते.

त्यानंतर त्याने बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे झाकणाखालच्या कप्प्यात, घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवला. पाच सेलमध्ये ॲसिडची घनता १.२३० च्या आसपास होती, सहाव्यात १.१२०. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये ती १.२६० ते १.२८० असते, आणि १.१२० म्हणजे तो सेल रिकामाच. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकापाठोपाठ जोडलेले असल्यामुळे एक सेल मेला तरी उरलेले पाच मिळून मीटरला फसवण्याइतका आकडा देतात, मात्र सेल्फचा भार ओढायची वेळ आली की साखळी त्या कमजोर कडीशी तुटते. हिरव्या डोळ्याची गोष्टही तशीच आहे. तो डोळा फक्त ज्या सेलवर बसवलेला असतो त्याचीच घनता दाखवतो, बाकीच्या पाचांविषयी तो काहीच सांगत नाही. दुकानातले १२.८ व्होल्ट तर चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या कमजोर बॅटरीवरही दिसू शकतात. हा वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट काही मिनिटे लावून बंद केले किंवा बॅटरी काही तास तशीच ठेवली, की खरा आकडा समोर येतो. काही ठिकाणी तर जुन्या सेलमध्ये ताजे ॲसिड ओतून घनताही वाढवतात, असे त्या गृहस्थाने सांगितले. बॅटरी निकामी करणारा, आतल्या शिशाच्या प्लेटांवर बसलेला सल्फेटचा थर त्याने जात नाही, हायड्रोमीटर मात्र समाधान देतो.

यापुढचा भाग मला अधिक लागला. दुसऱ्या गाडीवरून चालू करून दिल्यावर त्याने हेडलाइट लावून चार्जिंग पाहिले, ते जेमतेम १३ व्होल्ट होते. गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा बेल्ट सैल झाला होता. ‘चीं’ आवाज त्याचाच. त्याने बेल्ट ताणल्यावर आकडा १४.२ वर गेला. ‘‘जुनी बॅटरी चार्ज करून कोणी तपासली होती का?’’ या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ती कदाचित केवळ उपाशी होती, आणि मी ती १,८०० रुपयांसह हातात ठेवून आलो होतो.

दुकानात परत गेल्यावर नम्रता संपली होती. ही बॅटरी आमची कशावरून, असा पहिला प्रश्न आला आणि कोऱ्या कार्डाकडे पाहता तो त्याच्या दृष्टीने बिनतोडच होता. यूपीआयची नोंद दाखवली तर ते पैसे दुकानाच्या खात्यात न जाता एका व्यक्तीच्या नावावर गेलेले निघाले. पैसे देताना फोनवर ते नाव मला दिसले असणारच, पण मी वाचले नव्हते. जुन्या बॅटरीचे विचारल्यावर ती ‘‘भंगारात गेली’’ एवढेच उत्तर मिळाले.

जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकणे हा मुळात गुन्हा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत अशा व्यावसायिकांना राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणी आहे का हे विचारण्यात संकोच करू नये. बॅटरीच्या प्लास्टिकवर कोरलेला क्रमांक खरवडलेला असेल तर तिथूनच परत फिरावे. तो शाबूत असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तिची वॉरंटी कधी सुरू झाली ते विचारता येते, आणि ‘चार महिने’ खरे की चार वर्षे, हे तेव्हाच कळते. बिल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. माझ्या फायलीत मात्र कोरे कार्ड, परक्या नावावरची १,८०० रुपयांची नोंद आणि शिरवळला काढलेले त्या सहा झाकणांचे दोन फोटो एवढेच आहे, तेवढ्यावरच मी तक्रार लिहायला घेतली आहे.