नवा फॅमिली डॉक्टर : एका दवाखान्याचा अनुभव

आधीच्या डॉक्टरांनी निवृत्ती घेतल्यामुळे नवा फॅमिली डॉक्टर शोधणे भाग पडले आणि तीन दवाखाने पाहिल्यावर मी ज्यांच्याकडे थांबलो, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ५ मिनिटे शांत बसवले, पाठ टेकवून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजला आणि थोड्या वेळाने तो पुन्हा तपासला. जिने चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा पहिलाच आकडा खरा मानून गोळी सुरू करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, त्यामुळे ही सावकाशी मला दारावरच्या पदव्यांपेक्षा मोलाची वाटली. चालू औषधांची पाकिटे त्यांनी स्वतः हातात घेऊन वाचली, तेव्हा निरनिराळ्या नावांच्या दोन गोळ्यांत पॅरासिटामॉलच असल्याचे उघड झाले. सर्दीसाठी मी सवयीने प्रतिजैविक मागितले, तर विषाणूवर त्याचा उपयोग होत नाही, असे सांगून त्यांनी ते दिले नाही. उणीव आहे ती वेळेची : आधी नंबर लावूनही तासभर ताटकळावे लागते, आणि दवाखाना बंद असताना कोणाकडे जायचे, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.