गाडीतले डबे, सासूबाईंची ट्रंक आणि टोमॅटोचं कॅरेट: दहा महिन्यांनंतर

मागच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गेलो. सगळं सामान डब्यांत भरून केलेली ती आमची पहिली फेरी. रात्री साडेनऊला पाऊस आला आणि मुलानं विचारलं, "आई, टॉर्च कुठंय?" टॉर्च ५२ लिटरच्या डब्यात होता. डब्यावर तंबू, तंबूवर शेगडीची पेटी. त्यात आमची बोलेरो, तिचं मागचं दार कपाटासारखं आडवं उघडतं. वर उचलायचं दार असतं तर निदान डोक्यावर छप्पर झालं असतं. छत्री मानेत धरून मी एकेक डबा चिखलात उतरवत होते आणि काजवे झाडावर निवांत लुकलुकत होते.

त्यानंतर दहा महिन्यांत साम्रद-घाटघर, हरिहरचा पायथा, साल्हेर, निफाडचा मळा, जव्हारमार्गे केळवे असं बरंच फिरणं झालं. चार प्रकारचे डबे वापरून झाले. विकत घेताना सगळे विचारतात, "मजबूत आहे का?" मीही तेच विचारलं होतं. आता मी विचारते, गाडीत ठेवलेला असताना, वरचं काही न हलवता, हा उघडता येतो का?

सुरुवात त्या ५२ लिटरवाल्यापासून. अर्धपारदर्शक प्लॅस्टिक, खाली चाकं, दोन्ही बाजूंना चाप, १६५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, मोजल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून बादलीनं पाणी ओतून बघितलं. काठोकाठ भरलं तर ५२ लिटर बसतं, खोटं नाही. पण तंबू म्हणजे पाणी नव्हे. भिंती खाली निमुळत्या होत जातात, झाकण तीन-चार सेंटिमीटर आत बसतं, चाकांसाठी तळाला खोबण्या आहेत. चौकोनी वस्तू रचायला गेलं की चाळिसाच्या आतच गाडी थांबते. विकत घेणाऱ्यांनी लिटर बघू नका, तळाची आतली लांबी-रुंदी मोजा.

चाकांचा उपयोग पार्किंगपासून लिफ्टपर्यंत, बस. आणि मोठा डबा असला की माणूस तो भरतोच. भांडी, शेगडी, तांदूळ-डाळ भरून वजन केलं तर २७ किलो. बोलेरोची मागची पातळी माझ्या कमरेच्या वर, तिथे २७ किलो एकटीनं चढवणं म्हणजे दुसऱ्या दिवशी शेकत बसणं. जानेवारीत निफाडला मामेभावाच्या मळ्यावर राहिलो. तिकडची थंडी तुम्हाला माहीत आहे, बाग वाचवायला शेकोट्या पेटवतात लोक. पहाटे चाप उघडायला गेले आणि तो कटकन तुटून हातात आला. डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. साधं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं, त्यात बारीक चाप आधीच उन्हानं कमजोर झालेला. आता तो डबा घरी माळ्यावर आहे, आकाशकंदिलांना उत्तम.

त्याच मळ्यावर कॅरेटचं डोकं सुचलं. मामेभाऊ हसला, "ताई, एवढे पैसे घातले डब्यांत? आमच्याकडं मागायचं ना." पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा भाव २० किलोच्या जाळीवर निघतो, तीच ही जाळी, तेच कॅरेट. सहा जुनी कॅरेट ९०० रुपयांत मिळाली. तळाला आकडा २, म्हणजे हायडेन्सिटी पॉलिथीन. हे थंडीत तडकत नाही, आपटलं तर वाकतं आणि परत जागेवर येतं. ५४ बाय ३६ सेंटिमीटरचं माप. मागची समोरासमोरची बाकं उचलून बांधली की मधे ते आडवं बरोबर बसतं. ६० सेंटिमीटरचा डबा मात्र आडवा जात नाही, म्हणून ऑनलाइन मागवण्याआधी गाडीत टेप लावा. मी नंतर लावली. क्वालिटीवालीनं.

कॅरेटचा खरा फायदा ऑगस्टमध्येच कळायला हवा होता. हरिहरच्या पायथ्याहून ओला तंबू हवाबंद डब्यात कोंबून आणला, घरी पाहुणे होते, तीन दिवस विसरले. उघडला तर आत काळे ठिपके आणि असा वास, की नवऱ्यानं डबा गॅलरीत नेऊन ठेवला. पाणी आत जाऊ न देणारा डबा आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही, हे एवढं साधं. आता ओलं सगळं, म्हणजे तंबू, दोर, ताडपत्री, चपला, भोकाच्या कॅरेटमध्ये आणि खाली जुनी रबरी चटई. शेगडीच्या गॅसचे, म्हणजे ब्युटेनचे डबेही तिथेच. ब्युटेन हवेपेक्षा जड, गळला तर बंद पेटीच्या तळाशी साचून राहतो. त्या डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं छापलेलं असतं आणि एप्रिलमध्ये उन्हात बंद ठेवलेली गाडी आतून किती तापते ते सांगायला नको. गाडी लावली की ते मी सावलीत काढून ठेवते.

कॅरेटचा तोटा म्हणजे फुफाटा. साल्हेरकडच्या कच्च्या वाटेनं गेल्यावर भांड्यांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी माती. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. दाराचं झिजलेलं रबर बदललं, खिडक्या बंद ठेवून बाहेरची हवा घेणारा ब्लोअर चालू ठेवला, तेव्हा निम्म्याहून कमी झाली. उरलेल्यासाठी भद्रकालीत बॅगा शिवणाऱ्या काकांकडून दोन कॅरेटना ताडपत्रीचं अस्तर शिवून घेतलं, वरून आवळायला नाडी. काकांनी आधी विचारलं, "ताई, टोमॅटोला पिशवी कशाला?" सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायची दोन झाकणंही कापून घेतली. तीच आमची ओट्याची फळी, तिच्यावर कांदा चिरायचा.

हवाबंद पेटी. रबरी कडा, सहा चाप, ६८०० रुपये. ही घेतली कॅमेरा, पॉवरबँक, औषधं आणि कागदपत्रांसाठी, आणि त्या कामाला ती चोख आहे. इगतपुरीकडच्या पावसात टपावर राहिली तरी आत थेंब नाही. पण केळव्याला हिनं जी फजिती केली ती सांगितलीच पाहिजे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. घरी पेटी बंद केली ती इथल्या विरळ हवेसकट. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत खाली समुद्रावर पोचलो तर झाकण उघडेना. चाप सगळे मोकळे, तरी उघडेना. नवऱ्यानं पायानं दाबून ओढलं, मुलानं चमचा घातला. बाहेरची हवा आतल्यापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास जड. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या झाकणावर हिशोबानं दीडशे किलोहून जास्त भार येतो. पुढच्या बाजूला एक छोटा स्क्रू आहे, तो दाब सोडायचा व्हॉल्व्ह. सैल केला, फुस्स झालं, झाकण हातात आलं. अशी पेटी घेणार असाल तर व्हॉल्व्ह आहे का बघा, आणि असला तर कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

उरली सासूबाईंची ट्रंक. पत्र्याची, त्यांच्या लग्नातली, रिकामी नऊ किलो. मी नको म्हणत होते. खडखडाट इतका की पहिल्या फेरीत रेडिओ ऐकू आला नाही, आणि कोपऱ्यानं सीटचं कव्हर फाडलं. खाली गोणपाट घातलं, कोपऱ्यांना सायकलची जुनी ट्यूब चिकटवली, तेव्हा शांत झाली. पण हरिहरला माकडांनी शेजारच्या गाडीवाल्यांचा प्लॅस्टिकचा डबा चाप उघडून साफ केला, पावाची लादी घेऊन झाडावर, आणि आमच्या ट्रंकेवर दोघं बसून कडी वाजवत राहिले. कडीला साधं कुलूप होतं. साम्रदला ज्यांच्या अंगणात मुक्काम केला तिथे रात्रभर उंदरांची पळापळ, त्यांनाही पत्रा चावत नाही. तेव्हापासून शिधा ट्रंकेतच, आत कडीचे डबे, काळा मसाला वेगळ्या बरणीत. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "बघ." पुढे काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

ट्रंकेची जागा मधल्या सीटच्या लगेच मागे, पाण्याच्या २० लिटरच्या जारशेजारी, खाली. जड सामान मागच्या चाकांच्या पुढे आणि बुडाशी. टपावर फक्त चटया आणि अंथरुणं. टपावर वजन चढवलं की घाटातल्या वळणावर गाडी कलते, पोटात गोळा येतो. बांधायला आधी हुकाचे रबरी दोर वापरले. कसारा घाटात पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला, मीही मारला. गाडी थांबली, ट्रंक थांबली नाही. मधल्या सीटच्या पाठीवर येऊन धडकली, आणि त्या सीटवर माझा मुलगा होता. त्याला काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी रबरी दोर टाकून खटक्यानं आवळायचे रॅचेटचे पट्टे आणले आणि गॅरेजवाल्याकडून बाकांच्या बोल्टच्या जागी कड्या बसवून घेतल्या. पट्टा तासाभराच्या खराब रस्त्यानंतर ढिला होतो, चहाला थांबलं की दोन खटके आवळायचे.

प्लायचे ओढायचे खण करून घ्या, असं बरेच जण सुचवतात. मी दर काढला आणि वजनही विचारलं, मग सोडून दिलं. मला गाडी सोमवारी ऑफिसलाही न्यायची असते, आणि कॅरेट दहा मिनिटांत उतरतात.

आत्ताची मांडणी: चार कॅरेट, ट्रंक, हवाबंद पेटी. कॅरेट फक्त एका थरात, कशावरही काही नाही, म्हणून कुठलंही उघडायला दुसरं उतरवावं लागत नाही. दोन कॅरेट घरी पडून आहेत, त्यांत सध्या कांदे. टॉर्च कुठल्याच डब्यात नाही, तो मागच्या दाराच्या आतल्या बाजूला दोरीनं लटकतो. तंबूच्या खुंट्यांची पिशवी मात्र अजूनही दर वेळी वेगळ्याच डब्यात सापडते, आणि भरणारी मीच असते.