न दिसणारी जखम: अमेरिकेचं पर्पल हार्ट आणि कॅनडाचं सॅक्रिफाइस मेडल

दोन शेजारी देश, अफगाणिस्तानात एकाच बाजूने लढलेले. पण युद्धात मन मोडलेल्या सैनिकाला पदक द्यायचं का, यावर दोघांची उत्तरं वेगळी.

पर्पल हार्ट आजच्या रूपात १९३२ पासून आहे. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना किंवा मारल्या गेलेल्यांना ते मिळतं. २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी पीटीएसडीचाही, म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराचाही, विचार व्हावा असं सुचवलं. जानेवारी २००९ मध्ये पेंटागॉनचा नकार जाहीर झाला. कारण असं की, ही शत्रूने बाहेरून, हेतुपुरस्सर केलेली जखम नाही. भयंकर प्रसंग अनुभवल्याचा दुय्यम परिणाम आहे. स्फोटाने मेंदूला बसलेला मार मात्र पात्र ठरू शकतो.

कॅनडाने २००८ मध्येच सॅक्रिफाइस मेडल सुरू केलं. तिथे मानसिक विकारही धरला जातो. अट एकच, पण कडक: तो शत्रूच्या कारवाईमुळेच झाला, हे तज्ज्ञाने तपासून सांगितलं पाहिजे.

मला कॅनडाचा नियम पटतो. रक्त सांडलेल्यांच्या पदकाचा मान उतरेल, निदानात गफलत होईल, ही अमेरिकेतल्या अनेक माजी सैनिकांची भीती मी खोटी मानत नाही. पण त्याच भीतीला ती अट उत्तर देते. एकाच सुरुंगाने एकाचा पाय नेला आणि शेजारच्याची झोप कायमची नेली, तर दुसऱ्याला शत्रूने जखमी केलंच नाही, असं त्याच्या घरच्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?