पद्मिनीची पेट्रोल गळती: साधा रबरी पाईप घ्यावा की फ्लोरोरबरचा?

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसला की आधी इंजिनाजवळचा, पेट्रोल ओढणारा पंप बघा. पंपाच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून ठिबकत असेल किंवा डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपातला डायफ्राम (लवचीक पडदा) गेलाय. मग पाईप बदलून उपयोग नाही. गळती लोखंडी नळीला जोडणाऱ्या रबरी पाईपच्या तुकड्यांतूनच आहे अशी खात्री झाली तर प्रश्न कुठला पाईप घ्यायचा, एवढाच उरतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीचं नाव काढू नका; ती उष्णतेनं कडक होते आणि नेमकी क्लिपपाशी तडकते.

राहिले दोन. एक, दुकानात फुटावर मिळणारा साधा नायट्राइल रबराचा पाईप. दुसरा, आतून फ्लोरोरबरचा थर असलेला, ज्यावर ‘एसएई जे३० आर९’ असं मानकाचं नाव छापलेलं असतं.

साध्या पाईपला नावं ठेवावीत असं फारसं काही नाही. स्वस्त आहे, कुठेही मिळतो, हवा तसा वळतो. आमच्याकडेही त्यानं गळती थांबली. खाली डाग नाही, जोडावर ओल नाही. वास मात्र जाईना.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं. गाडी बोळात उभी राहते आणि बॉनेटसमोरच देवघराची खिडकी येते. संध्याकाळी आई समई लावायला बसली की आतून आवाज यायचा, ‘अरे, गाडी घरात आणलीस की काय?’ हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती; पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते, आणि आत ज्योत. क्लिपा आवळून झाल्या, कार्ब्युरेटरचं गास्केट पाहून झालं. शेवटी एक स्वच्छ फडकं पाईपच्या मधल्या भागावरून फिरवलं, जिथे ना जोड ना क्लिप, आणि हुंगलं. पेट्रोलच. नायट्राइल अखंड असलं तरी त्याच्या भिंतीतून पेट्रोल वाफ होऊन झिरपत राहतं, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर जास्तच. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं.

२०२३ च्या जानेवारीत इथल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात व्हिंटेज गाड्या आल्या होत्या. तशी मोकळी जागा असेल तर वास आला काय नि न आला काय. मोकळ्या शेडमध्ये गाडी ठेवणाऱ्यानं आणि दरवर्षी पाईप बदलायची तयारी असणाऱ्यानं साधाच घ्यावा, माझी हरकत नाही. आम्हा वाडा-बोळवाल्यांचं तसं नाही.

आर९ बसवल्यावर आईचा प्रश्न बंद झाला. माझ्याकडे मोजमाप म्हणाल तर एवढंच. त्याचे नखरे आहेत. महाग आहे, ताठ आहे, आखूड वळणावर मुरडतो. आतला थर पातळ असतो, म्हणून लोखंडी नळीचं तोंड आधी पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घ्यावं. धारदार कडेनं थर ओरखडला तर पैसे पाण्यात. कापायला हॅकसॉ नको, नवं ब्लेड घ्या, नाहीतर रबराचा भुगा थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जातो. खाचा पाडलेल्या पट्टीची क्लिप रबरात रुतते, त्यापेक्षा सपाट पट्टीची, नट-बोल्टवाली बरी. बॅटरीची निगेटिव्ह काढणं, इंजिन थंड असणं, हाताशी अग्निशामक असणं हे तुम्हाला सांगायला नको.

दुकानदार बिनछापाचा पाईप पुढे करून ‘इथेनॉल-प्रूफच आहे’ म्हणेल. छाप दिसत नसेल तर सोडून द्या. त्या भावात मग साधा पाईप काय वाईट? आणि पंपाजवळचं वळण फारच आखूड असेल, तर आर९ दाबून बसवू नका. तुकडा थोडा लांब घेऊन मोठा वळसा द्या, एक्झॉस्टपासून लांब ठेवून.