ऑन-इअर हेडफोन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ऑन-इअर (कानावर टेकणारे) घ्यावेत की ओव्हर-इअर (अख्खा कान झाकणारे), यात माझे दोन महिने गेले. शेवटी ऑन-इअर घेतले, कारण कान पूर्ण झाकले की मला थोड्याच वेळात घाम येतो आणि हेडफोन काढून ठेवावेसे वाटतात. आता नऊ महिने झाले. रोजचा वापर तीन-चार तासांचा. ४० मिमीचे ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले छोटे स्पीकर), ब्लूटूथ, नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज कमी करायची सोय), वजन २०० ग्रॅमच्या आसपास. या वर्गातल्या महागड्या हेडफोनमध्ये साधारण हेच मिळतं, म्हणून मॉडेलच्या नावात न अडकता वापराबद्दल लिहिते.

आधी आवाज. पहिल्याच दिवशी तबला लावला. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की जी मींड निघते, ती लहान इअरफोनवर मला नुसती 'घुम्' अशी ऐकू यायची. इथे तो स्वर कुठून उचलला आणि कुठे नेऊन सोडला हे स्पष्ट कळतं. तानपुऱ्याची जवार, म्हणजे तारांची गुंजणारी आस, मोकळी आहे, गळा पुढे येतो, गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. खटकलं ते 'स' आणि 'श'. काही रेकॉर्डिंगमध्ये ही अक्षरं कानाला टोचतात. इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करायच्या सोयीत, ६ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल खाली आणला आणि तेवढ्याने भागलं. वाद्यांमधलं अंतर, ज्याला साउंडस्टेज म्हणतात, ते मात्र तोकडंच आहे. सगळी मंडळी जवळजवळ बसून वाजवतायत असं वाटतं. मला गाण्यासाठी ते चालतं, पण मोठा वाद्यवृंद ऐकणाऱ्याला चालेलच असं नाही.

वायर लावूनही ऐकून पाहिलं. हेडफोन चालू ठेवून वायरने आणि ब्लूटूथने ऐकलं तर मला फरक सांगता आला नाही. पण हेडफोन बंद ठेवून नुसत्या वायरवर आवाज अगदी मवाळ आणि निर्जीव होतो, कारण या हेडफोनचा सूर आतल्या इलेक्ट्रॉनिक्सने बसवलेला आहे. बॅटरी संपल्यावर वायर आहेच, या भरवशावर कोणी घेणार असेल तर आधी तसं ऐकून बघावं.

आता ज्यावर खरं सगळं अवलंबून आहे ती गोष्ट, म्हणजे गादी. ओव्हर-इअरची गादी कानाभोवती डोक्यावर टेकते. ऑन-इअरची गादी थेट कानाच्या पाळीवर आणि वरच्या कुर्च्यावर टेकते. तिथे ती नीट दाबून बसली नाही तर फटीतून खालचे सूर, म्हणजे बास, निसटतात, आणि नीट बसवायची तर दाब लागतोच. म्हणजे चांगला बास आणि कानाचा आराम, दोन्ही त्या एकाच दाबावर ठरतात. दुकानात पाच मिनिटं लावून यातलं काहीही कळत नाही.

पहिले दोन आठवडे पाऊण तासात कानाचा वरचा भाग दुखायला लागायचा. मग रात्री हेडफोन डोक्यापेक्षा किंचित रुंद खोक्यावर चढवून ठेवायला लागले. चार-पाच रात्रींत पकड सैल झाली आणि तिथेच थांबले, कारण आणखी सैल केली असती तर बास गेला असता. मला चष्मा आहे. चष्म्याची काडी आणि गादी यांच्यात कान चिमटला जातो आणि काडीपाशी बारीक फटही राहते. जाड काड्यांचा चष्मा बदलून पातळ काड्यांचा घेतल्यावर दोन्ही त्रास बरेच कमी झाले. कानातल्याची फिरकी तर दहाव्या मिनिटालाच मागून टोचते. हेडफोन लावताना मी कानातलं काढूनच ठेवते.

गादी नीट बसली आहे का, हे पाहायची सोपी रीत आहे. गाणं चालू असताना दोन्ही बाजू बोटांनी हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला तर आवाज फटीतून जातोय असं समजा आणि हेडफोन थोडे पुढे-मागे सरकवून पुन्हा ऐका. माझ्या बाबतीत अर्धा सेंटिमीटर पुढे घेतल्यावर फरक पडला.

नॉइज कॅन्सलेशन पंख्याची घरघर आणि गाडीच्या इंजिनाचा आवाज छान खाली आणतं, पण माणसांचं बोलणं अडवत नाही. मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो. हे मी गंभीरपणे लिहितेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि आवाज ३ डेसिबल वाढला की तो वेळ निम्मा होतो. गोंगाटाच्या जागी रोज ऐकायचं असेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोनच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

टिकाऊपणाची खरी परीक्षा पाचव्या महिन्यात झाली. डाव्या बाजूचा बास कमी वाटू लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी हेडफोन उघडूनही पाहिला नाही. ड्रायव्हर गेलाय, अख्खा सेट बदला, एवढंच सांगितलं. मला ते पटलं नाही. घरी येऊन दोन्ही गाद्या काढल्या आणि डावी उजवीकडे, उजवी डावीकडे बसवली. लगेच उजवीकडचा बास कमी झाला. ड्रायव्हर ठणठणीत होता, दोष गादीत होता. नीट पाहिलं तर चष्म्याची काडी टेकते त्याच जागी नखाएवढी भेग पडली होती, आणि अंगठ्याने दाबल्यावर फोम वर यायला फार वेळ घेत होता.

या गाद्यांवर चामडं नसतं, पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमटपणा, घाम आणि त्वचेचं तेल यांनी तो हळूहळू विघटित होतो, तडकतो आणि मग त्याचे पापुद्रे निघतात. आधी मी बाहेरच्या, जास्त जाड फोमच्या गाद्या आणल्या. कानाला मऊ लागल्या, पण ड्रायव्हर कानापासून लांब गेला आणि गायिकेचा गळा बंद खोलीतून आल्यासारखा ऐकू यायला लागला. आठवड्याभरात त्या काढल्या आणि मूळ गाद्या मागवल्या. त्या बसवल्यावर डग्गा पुन्हा पहिल्या दिवसासारखा बोलायला लागला. सेनहायझरच्या १९६८ च्या 'एचडी ४१४' या ऑन-इअर हेडफोनच्या पिवळ्या फोमच्या गाद्याही सहज काढून बदलता यायच्या. आजच्या महागड्या हेडफोनकडून मी निदान एवढी अपेक्षा नक्कीच ठेवते. घेण्यापूर्वी गादी हाताने निघते का आणि सुटी मिळते का, हे विचाराच.

बाकी बांधणी मजबूत निघाली. बिजागरीला कुठे चीर नाही. हेडबँड लांब-आखूड करायची पट्टी डावीकडे जरा सैल झाली आहे, पण जागची सरकत नाही. बॅटरी सुरुवातीला २८ तासांच्या आसपास चालायची, आता २५ च्या जवळपास चालते. ती आपल्याला बदलता येत नाही, म्हणून शक्यतो पूर्ण संपू देत नाही आणि रात्रभर चार्जिंगलाही लावून ठेवत नाही.

नव्या गाद्यांना साडेतीन महिने झाले. रोज ऐकून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसते आणि घामाने ओलसर असतील तर लगेच डबीत बंद करत नाही. तरीही डाव्या गादीवर काडीच्या जागी एक बारीक रेघ उमटायला लागली आहे. पुढची जोडी आताच मागवून ठेवली, कारण मॉडेल बंद झालं की त्याच्या गाद्या मिळणंही अवघड होऊन बसतं.