क्वॉश, क्वेल की सप्रेस? बातमी लिहिताना कुठला घ्यायचा

कोर्टाच्या बातम्या मराठीत करताना सगळ्यात जास्त घोळ क्वॉश (quash) या इंग्रजी शब्दाचा होतो. डिक्शनरीत बघितलं की दडपणे, चिरडणे असंच आधी दिसतं आणि मग घाईत लिहिलं जातं की हायकोर्टाने गुन्हा दडपला, असा मजकूर मी स्वतः तपासताना अडवलाय, कारण दडपला म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवालपवी झाली, आणि इकडे कोर्टाने तर भर सुनावणीत, कारणं देऊन तो रद्द केलेला असतो.

हा घोळ शब्दाच्या मुळातच आहे. क्वॉशमधे दोन लॅटिन शब्द मिसळलेत. एक क्वासारे, म्हणजे हलवून आपटून फोडणे. दुसरा कासारे, म्हणजे निरर्थक ठरवणे, जो कासुस म्हणजे रिकामा, पोकळ यावरून आला. फ्रेंचमधून येता येता दोन्ही एकमेकांत मिसळले. चिरडणे पहिल्याचं, कोर्टातलं क्वॉश दुसऱ्याचं. फ्रान्सच्या कूर द कासासियाँ या वरच्या कोर्टाच्या नावात तोच दुसरा शब्द आहे. आणि आपला रद्दबातल बघा, त्यातला बातल अरबी बातिलवरून आलाय, म्हणजे फोल, निरर्थक, त्यामुळे कोर्टातल्या क्वॉशला रद्दबातलइतका चपखल शब्द मला तरी दुसरा सापडलेला नाही.

एफआयआर रद्द करायला हायकोर्ट आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४८२ वापरायचं, १ जुलै २०२४ ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली त्यात ते ५२८ झालं. फक्त स्टे असेल तर स्थगिती लिहा, रद्द नाही, आणि निर्दोष सुटका तर पूर्ण वेगळी, ती खटला चालून झाल्यावर होते.

सप्रेस म्हणजे लॅटिनमधे खाली दाबणे, आपला दडपणे अगदी तोच. दाबलेली गोष्ट संपत नाही, खाली असतेच. पुरावा, राग, खोकला, सगळं सप्रेसच.

क्वेल जुन्या इंग्रजीत चक्क जिवे मारणे होता, आता बराच मवाळ झालाय. दंगल, भीती, शंका यांना तो लागतो, मराठीत शमवणे किंवा आटोक्यात आणणे.

बंडाला तिन्ही चालतात. तिथे मी मोडून काढलं लिहिते, आणि लोक गप्प बसले पण धग आत राहिली असं मूळ बातमीत असेल तरच दडपलं.