ओतीव गोळ्यांसाठी पहिले हत्यार: .३८ रिव्हॉल्व्हर की ९ मिमी पिस्तूल?

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हे लेखन अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरी शिसे ओतून गोळ्या करण्याचा छंद रीतसर जोपासणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आहे. साचा, वितळभांडे, मिश्रधातू आणि वंगण यांची प्राथमिक माहिती वाचकाला आहे, असे मी गृहीत धरतो. ज्याला अजून पहिला साचा घ्यायचा आहे, त्याच्यापुढचा खरा प्रश्न असा असतो की, या गोळ्या कोणत्या हत्यारातून झाडायच्या. मी ओहायोत दोन हिवाळे एकाच मिश्रधातूच्या गोळ्या .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमधून आणि ९ मिमीच्या पिस्तुलातून रेंजवर झाडून पाहिल्या. माझ्याकडे मोजमापांचे तक्ते नाहीत, परंतु काय घडले ते नीट आठवते.

९ मिमीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मीही सुरुवात तिथूनच केली होती. रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची धातूची आवरणे, रेंजवर विपुल मिळतात. एक पौंड शिशात ७,००० ग्रेन असतात. त्यातून १२४ ग्रेनच्या ५६ गोळ्या निघतात, तर.३८ च्या १५८ ग्रेनच्या ४४ च निघतात. शिवाय बहुतेकांच्या घरी आधीपासून ९ मिमीचे पिस्तूल असते, म्हणजे नवीन हत्याराचा खर्च वाचतो. ही सारी कारणे रास्त आहेत आणि केवळ यांवर निर्णय घेणाऱ्याला मी चुकीचे ठरवणार नाही.

माझा निर्णय मात्र नळीत साचणाऱ्या शिशाने केला. पहिल्या दिवशी १५ यार्डांवरून दोन मॅगझिन होईपर्यंत छिद्रे तळहाताएवढ्या जागेत पडत होती. चौथ्या मॅगझिननंतर ती कागदभर विखुरली आणि दोन गोळ्या आडव्या लागून लांबट भोके पडली. घरी येऊन नळीत प्रकाश पाडला, तेव्हा आट्यांच्या, म्हणजे नळीतील पिळदार खाचांच्या, कडेने राखाडी शिशाचे पट्टे चिकटलेले दिसले. ते साध्या ब्रशने निघत नाहीत. शुद्ध तांब्याच्या घासणीचे तंतू ब्रशभोवती गुंडाळून मी ती नळी सव्वा तास घासली. पुढच्या रविवारी मिश्रधातू अधिक कठीण केला, त्यानंतरच्या रविवारी वंगण बदलले. तरीही दर वेळी तेच पट्टे आणि तेच घासणे. अर्ध्या तासाच्या नेमबाजीसाठी संध्याकाळ खर्ची पडू लागली, आणि ज्या छंदात मन रमावे, त्याविषयीच नाखुशी वाटू लागली.

कारण सापडले ते एका न झाडलेल्या काडतुसात. साच्यातून निघालेली गोळी ०.३५६ इंचाची होती आणि नळीतून शिशाचा तुकडा ठोकून काढला, तेव्हा आट्यांच्या तळाचे मापही नेमके तेवढेच भरले. गोळी त्या मापापेक्षा किमान एक हजारांश इंच जाड हवी, हे मला ठाऊक होते. परंतु तयार काडतुसातून गोळी उपसून पुन्हा मोजली, तेव्हा तिचा बुडखा ०.३५४ वर आला होता. ९ मिमीची पुंगळी निमुळती असते आणि तळाकडे तिची भिंत जाड होत जाते, त्यामुळे तांब्याच्या आवरणाची गोळी जिथे टिकून राहते, तिथे मऊ शिसे बसवतानाच दाबले जाते. मग गरम वायू गोळीच्या कडेने निसटतो, शिसे वितळवतो आणि ते नळीला फासतो. त्यात अमेरिकी उद्योगमानकानुसार ९ मिमीचा कमाल दाब प्रतिचौरस इंच ३५,००० पौंड आहे, तर साध्या .३८ स्पेशलचा १७,०००. ९ मिमीची नळी साधारण दहा इंचांत गोळीला पूर्ण फेरी देते, म्हणजे मऊ धातूवरची पकडही कडक असते. पुंगळीचे तोंड खोलवर रुंदावणारा जाड खुंटा वापरला, ०.३५७ चा साचा आणला आणि गोळ्यांवर रंगकामाच्या पावडरचा लेप (पावडर कोटिंग) भाजला, तेव्हा त्रास खरोखर कमी झाला. हा मार्ग चालतो, एवढे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फक्त तो नवशिक्याने पहिल्याच महिन्यात चालावा का, याविषयी मला शंका आहे. काही पिस्तुलांच्या नळ्या बहुकोनी आट्यांच्या असतात आणि त्यांचे उत्पादक साध्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असे पुस्तिकेत बजावतात. तो इशारा मनावर घ्यावा.

.३८ रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत सांगण्यासारखे तुलनेने कमी आहे, आणि तोच त्याचा गुण आहे. हे काडतूस १८९० च्या दशकाच्या अखेरीस शिशाच्याच गोळीसाठी बेतलेले आहे. पुंगळी सरळ, दाब कमी, आणि ०.३५८ ची साधी वंगण लावलेली गोळी. माझ्याच भांड्यातील तेच शिसे वापरून शंभर बार झाले, तरी नळीत फक्त धुराचा थर आणि नळीच्या सुरुवातीच्या शंकूसारख्या तोंडाजवळ किंचित डाग दिसला. दोन ओले फडके फिरवून काम संपले. २५ यार्डांवर टेबलावर हात टेकवून सहा गोळ्या वाटीच्या तोंडात मावतील इतक्या जवळ लागल्या. मी फार कुशल नेमबाज नाही, तरीही असे वारंवार घडले. पुंगळ्याही सिलिंडरमधून, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या चक्रातून, तळहातावर येतात, गवतात शोधाव्या लागत नाहीत.

एक तपासणी मात्र विकत घेण्यापूर्वी करावी. सिलिंडरच्या प्रत्येक खणाच्या पुढच्या तोंडातून ०.३५८ ची गोळी बोटाच्या हलक्या दाबाने सरकली पाहिजे. ती अडकली, तर गोळी नळीत जाण्याआधीच बारीक होईल आणि वर सांगितलेली सगळी तक्रार रिव्हॉल्व्हरमध्येही सुरू होईल. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून शिशाचे कण बाजूला उडतात, म्हणून शेजारच्या नेमबाजाला आधी सांगावे आणि चष्मा लावूनच उभे राहावे. शक्य असेल तर .३५७ मॅग्नम घ्यावे, त्यातून .३८ ही चालते. फक्त .३८ ची पुंगळी आखूड असल्याने खणात राहणारे काजळीचे कडे अधूनमधून काढावे लागते.

.३०-३० च्या लिव्हर रायफलविषयी (खालची तरफ ओढून भरायची रायफल) अनेकजण विचारतात. १८९५ पासून चालत आलेले हे काडतूस ओतीव गोळीशी चांगले जमते आणि मला ते मनापासून आवडते. पण वेग वाढवायचा तर गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी लावावी लागते आणि ती प्रत्येक बारामागे खर्च वाढवते. हे दुसऱ्या वर्षाचे काम आहे.

हत्यार कोणतेही घेतले, तरी रेंजवरून आल्यावर हात आणि चेहरा थंड पाण्याने धुवावेत, कपडे वेगळे काढावेत आणि वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. लहान मुले घरात असतील, तर ओतकामाचे भांडे गॅरेजच्या बाहेर उघड्यावरच मांडावे.

तुमच्याकडे ९ मिमीच असेल आणि दुसरे हत्यार घ्यायचे नसेल, तर साच्याआधी नळीचे माप घ्या आणि पहिली दहा काडतुसे तयार झाल्यावर त्यातील एक गोळी उपसून पुन्हा मोजा. निवडीला वाव असेल, तर मी तुम्हाला वापरलेल्या, चार किंवा सहा इंच नळीच्या .३८ किंवा .३५७ रिव्हॉल्व्हरकडेच वळवीन.